डाय, क्रिएटिनिन आणि किडनी: सीटी-एमआरआयच्या आधी लोक सारखे विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात एका स्कॅन सेंटरला टेक्निशियन आहे, दिवसभर सीटीच्या काचेमागे. डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. काउंटरवर, फोनवर आणि नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवलं. औषध बंद-चालू करायचं ते तुमच्या डॉक्टरांना विचारूनच. एखादं उत्तर दुसरीकडे आलं असेल तर तिथला नंबर दिलाय.

१. डाय म्हणजे नक्की काय टोचता? शाई असते का, लघवीला रंग येतो का?

शाई नाही, रंग पण नाही. पाण्यासारखं स्वच्छ दिसतं, फक्त थोडं चिकट, साखरेच्या पातळ पाकासारखं. म्हणून आम्ही ते कोमट करून देतो, गार असलं तर शिरेतून जोरात ढकलायला जड जातं. सीटी आणि अँजिओग्राफीच्या डायमध्ये आयोडीन असतं. आयोडीन एक्स-रे अडवतं, त्यामुळे रक्तवाहिन्या आणि जिथे रक्त जास्त जातं ते भाग पांढरे उठून दिसतात. मोठ्या माणसाच्या पोटाच्या सीटीला साधारण ८० ते १०० मिली लागतं. हाताला गुलाबी व्हेनफ्लॉन (शिरेत ठेवायची बारीक नळी) लावतात, मशीनचा इंजेक्टर सेकंदाला तीन-चार मिलीने ते आत सोडतो आणि मग अंगभर गरम लाट येते, तोंडाला धातूसारखी चव येते आणि लघवी झाली की काय असं वाटतं. होत नाही. घाबरून उठू नका फक्त, नाहीतर फोटो हलतो आणि सगळं परत.

लघवीचा रंग बदलत नाही. एमआरआयचा डाय वेगळा, त्यात गॅडोलिनियम असतं (१३ पाहा). आणि बेरियम पितात ते रक्तात जातच नाही, त्यामुळे या पानाशी त्याचा संबंध नाही.

२. हाताला टोचलेल्या इंजेक्शनचा किडनीशी काय संबंध?

कारण बाहेर जायला रस्ता तोच. आयोडीनचा डाय शरीरात पचत नाही, लिव्हर त्याचं काही करत नाही, किडनी तो गाळून जसाच्या तसा लघवीत सोडते. किडनी चांगली असेल तर साधारण दोन तासांत निम्मा जातो आणि २४ तासांत जवळपास सगळाच गेलेला असतो. आता किडनी पाणी परत ओढून घेते पण डाय ओढून घेत नाही, म्हणून आतल्या बारीक नळ्यांमध्ये तो घट्ट होत जातो. किडनीच्या आतल्या भागाला मुळातच ऑक्सिजन बेताचा मिळतो, त्यात डायमुळे तिथल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि नळ्यांच्या पेशींनाही थोडा थेट त्रास होतो. निरोगी किडनी हे सहज झेलते. आधीच थकलेली आणि वरून पाणी कमी पडलेली किडनी झेलेलच असं नाही.

भीती जुनी आहे. १९५४ साली मायलोमाच्या (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) एका पेशंटची डाय देऊन किडनीची तपासणी केल्यावर लघवी बंद झाल्याची नोंद छापून आली आणि तिथून हा विषय सुरू झाला. पण तेव्हाचे डाय फार घट्ट होते, त्यांची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या कणांमुळे येणाऱ्या घट्टपणाचा आकडा) रक्ताच्या पाच-सहा पट, म्हणजे १५०० च्या पुढे. रक्ताची २९० च्या आसपास असते. आता शिरेतून देतात ते साधारण ६०० ते ८५० चे, आणि आयोडिक्झॅनॉल नावाचा एक तर रक्ताइतकाच, २९०. आजीआजोबांच्या वेळच्या गोष्टी आजच्या बाटलीला लावू नका एवढंच म्हणणं.

३. प्रत्येकाला क्रिएटिनिन का मागता? मागच्या महिन्यातला रिपोर्ट चालेल का?

क्रिएटिनिन म्हणजे किडनी कशी चालते ते बघायची रक्ताची तपासणी. खरं सांगायचं तर प्रत्येकाला लागत नाही. ज्यांना किडनीचा आजार आहे किंवा होता, डायबेटीस आहे, मेटफॉर्मिन (शुगरची गोळी, १० पाहा) चालू आहे, किडनीचं ऑपरेशन झालंय, अशांचा बघायलाच हवा. पण काउंटरवर बसलेल्या मुलीला कोण कुठल्या गटात हे चेहऱ्यावरून कळत नाही, म्हणून सेंटरवाले सरसकट मागतात. तब्येत स्थिर असेल तर महिनाभरातला रिपोर्ट बहुतेक ठिकाणी चालतो, काही ठिकाणी आठवड्याचा लागतो, फोन करून विचारा. मधल्या काळात जुलाब, उलट्या, मोठा ताप, ॲडमिशन असं काही झालं असेल तर मात्र जुना कागद रद्दी समजा, नवीन करा.

आणि आदल्या रात्री मटण हाणून सकाळी क्रिएटिनिन देऊ नका. शिजवलेल्या मांसातूनच क्रिएटिनिन रक्तात येतं आणि आकडा थोडा वर दिसतो. जिमवाल्या पोरांची क्रिएटीन पावडर पण तेच करते. सोमवारी सकाळी असे दोन-चार रिपोर्ट येतातच, रविवारचा रस्सा बोलतो.

४. रिपोर्टवर क्रिएटिनिन १.२ आहे, नॉर्मल लिहिलंय, तरी तुम्ही ईजीएफआर काढायला का सांगता?

हा माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. ईजीएफआर म्हणजे किडनी किती गाळते याचा क्रिएटिनिनवरून काढलेला अंदाजी आकडा, जास्त तितका चांगला. क्रिएटिनिन हा कचरा आहे स्नायूंचा. ज्याच्या अंगावर स्नायू जास्त त्याचा कचरा जास्त. म्हणून तोच आकडा दोन माणसांत वेगळं सांगतो. उदाहरण बघा, २८ वर्षांचा मुलगा, क्रिएटिनिन १.२. आत्ता वापरतात त्या २०२१ च्या सूत्राने त्याचा ईजीएफआर येतो साधारण ८४. म्हणजे बिनधास्त. त्याची ७२ वर्षांची आजी, तिचंही १.२, तिचा येतो साधारण ४८. म्हणजे किडनी निम्म्यावर. कागदावर दोघांपुढे नॉर्मल!

एक आजी आल्या होत्या, नारायण पेठेतल्या, कापडी पिशवीत तीन वर्षांच्या फायली, प्रत्येक रिपोर्टवर क्रिएटिनिनला पेनने गोल करून पुढे बरोबरची खूण. मुलगी म्हणाली आईची किडनी एकदम फर्स्ट क्लास. मी मोबाईलवर वय आणि आकडा टाकून दाखवला तर दोघी गप्प. स्कॅन झालाच, डाय देऊनच झाला, काही झालं नाही (का ते ५ मध्ये). पण गुडघ्यासाठी त्या रोज डायक्लोफिनॅक ही पेनकिलर घेत होत्या ते त्या दिवशी बाहेर आलं, आणि माझ्या मते त्यांच्या किडनीला डायपेक्षा ती गोळी महाग पडत होती.

ईजीएफआर मोफत काढता येतो, वय, बाई की पुरुष आणि क्रिएटिनिन एवढंच लागतं. बऱ्याच लॅब आता स्वतःच छापतात, खाली बारीक अक्षरात असतो, बघा. फक्त एक अट, हा हिशोब क्रिएटिनिन स्थिर असतानाच खरा. आज २ काल १.४ असं पळत असेल तर सूत्राला काही अर्थ नाही.

५. ईजीएफआर कितीच्या खाली असेल तर डाय देत नाहीत?

"देत नाहीत" असा आकडा नाहीये. सावध व्हायचा आकडा आहे, आणि शिरेतून दिलेल्या डायसाठी तो ३०. अमेरिकेतले रेडिओलॉजीवाले आणि किडनीवाले यांनी २०२० मध्ये एकत्र बसून जे लिहिलं ते थोडक्यात असं: ३० च्या खाली असेल किंवा किडनीला आत्ताच ताजी इजा झालेली असेल तर काळजी घ्या, सलाईन द्या, ४५ च्या वर असेल तर डायची चिंता जवळपास सोडून द्या, ३० ते ४४ मध्ये डॉक्टर माणूस बघून ठरवतील. आणि ३० च्या खाली असलं तरी जर स्कॅनशिवाय जीवघेणी गोष्ट सुटणार असेल तर स्कॅन करायचाच, हेही त्यात स्पष्ट आहे.

आपल्याकडे अजून क्रिएटिनिन १.५ च्या वर गेलं की काही ठिकाणी पेशंटला सरळ परत पाठवतात. जुनी सवय. वाद घालू नका, नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीच्या डॉक्टरची) दोन ओळींची चिठ्ठी आणा, काम होतं.

६. आमच्या शेजारच्या काकांची डायनेच किडनी गेली. मग सेफ कसं म्हणता?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, काका बदलतात फक्त. नीट सांगतो, थोडं लांबेल.

ॲडमिट असलेल्या माणसाचं क्रिएटिनिन तसंही खालीवर होतं. इन्फेक्शन, बीपी पडणं, जोरदार अँटिबायोटिक, जुलाब, हार्ट कमजोर, यातलं काहीतरी असतंच, म्हणून तर डॉक्टर डायचा सीटी सांगतात. आता सोमवारी सीटी झाला आणि बुधवारी क्रिएटिनिन ०.३ ने वाढलं. नियमाने ४८ तासांत ०.३ वाढलं की त्याला किडनीची ताजी इजा म्हणायचं. नाव कुणाचं येणार? सीटीचं. पूर्वीच्या अभ्यासांमध्ये अडचण हीच होती, डाय दिलेल्यांचं मोजलं पण तेवढ्याच आजारी आणि डाय न दिलेल्या लोकांचं शेजारी ठेवून मोजलंच नाही. २०१३-१४ च्या सुमारास अमेरिकेत मेयो क्लिनिक आणि मिशिगनच्या लोकांनी हजारो पेशंटच्या अशा जोड्या लावून बघितलं. डाय न दिलेल्यांमध्येसुद्धा क्रिएटिनिन वाढत होतं, आणि बऱ्याच गटांत जवळपास तेवढंच. मेयोवाल्यांना कमकुवत किडनीतही फरक दिसला नाही, मिशिगनवाल्यांना ईजीएफआर ३० च्या खाली फरक दिसला. म्हणून आजची लाइन ३० वर आहे. आणि म्हणूनच आता "डायमुळे झालेली इजा" आणि "डायनंतर दिसलेली इजा" अशी दोन वेगळी नावं वापरतात. आधी झालं, नंतर झालं, म्हणजे त्यानेच केलं असं नसतं. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

म्हणजे डाय अगदी गंगाजल का, तर नाही. किडनी खूप कमजोर असेल, पाणी कमी असेल, वर एकदम खूप डाय धमनीतून गेला (१२ पाहा) तर त्रास होऊ शकतो. झाला तरी नेहमीचा प्रवास असा की एक-दोन दिवसांत क्रिएटिनिन चढतं, तीन ते पाच दिवसांत टोकाला जातं आणि सात-दहा दिवसांत खाली येतं. कायमचं डायलिसिस हे फार कमी लोकांत, आणि त्यांची किडनी आधीच काठावर असते. तुमच्या काकांचं काय होतं ते त्यांची फाइल बघितल्याशिवाय मी तरी सांगणार नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर पण कुणी सांगू नये.

७. उपाशी यायला सांगितलंय, मग पाणी पण नाही प्यायचं का?

प्या! कृपा करून प्या. "उपाशी" म्हणजे जेवण नको, उलटी झाली तर त्रास नको म्हणून तीन-चार तास. नवीन गाइडलाइनमध्ये तर डायच्या सीटीला उपासाचीच गरज नाही म्हणतात, पण आपल्याकडची सेंटर अजून सांगतात. साधं पाणी चालतं, बेशुद्धी देणार असतील तरच वेगळे नियम. मे महिन्यात हडपसरहून बस बदलत एक काका आले, आदल्या रात्री नऊपासून पाण्याचा थेंब नाही, नंबर लागला दुपारी एकला. ओठ सुकलेले, शीर सापडेना, दोनदा टोचावं लागलं मला. सगळं का तर चिठ्ठीवर "उपाशीपोटी" लिहिलेलं आणि कुणी उलगडून सांगितलं नाही. किडनीसाठी याच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

किती प्यायचं? आदल्या दिवशी नेहमीसारखं पोटभर, सकाळी दोन-तीन ग्लास, स्कॅननंतर दिवसभर थोडं थोडं. टाकीभर नको. हार्ट फेल्युअरवाले, पायाला सूज असलेले आणि ज्यांना डॉक्टरांनी पाणी मोजून दिलंय त्यांनी आपलं मापच पाळायचं.

८. मग सलाईन लावून घेऊ का आधी? सेफ साइड म्हणून?

सगळ्यांनी नाही. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिक्टमध्ये ६६० लोकांवर एक अभ्यास झाला, २०१७ ला छापून आला. त्यात ईजीएफआर ३० ते ५९ वाले घेतले, अर्ध्यांना सलाईन, अर्ध्यांना काहीच नाही, किडनीच्या बाबतीत फरक नाही आला. उलट सलाईनवाल्यांपैकी काहींना पाणी जास्त होऊन त्रास झाला. ३० च्या खालच्यांना मात्र साधं नॉर्मल सलाईन देतात, डायच्या तासभर आधीपासून आणि नंतर काही तास, वेग हार्ट बघून. ते वॉर्डमध्ये होतं, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात बाटली चढवून येऊ नका.

९. मेडिकलवाल्याने एक फसफसणारी एनएसीची गोळी दिली, किडनी वाचवते म्हणाला. घेऊ?

एनएसी म्हणजे एन-ॲसिटिलसिस्टीन. २००० साली एका छोट्या अभ्यासात तिचा खूप फायदा दिसला आणि जगभर सगळ्यांनी लिहायला सुरुवात केली, स्वस्त होती, नुकसान नव्हतं. मग २०१८ मध्ये अँजिओग्राफीच्या पाच हजारांच्या आसपास पेशंटवर मोठी ट्रायल आली, गोळी आणि खोटी गोळी यात फरक शून्य. सोडा बायकार्बचं सलाईन साध्या सलाईनपेक्षा बरं असंही म्हणायचे, त्याच ट्रायलमध्ये तेही बाद झालं. तरी चिठ्ठ्यांवर अजून दिसते गोळी, सवयी लवकर जात नाहीत. डॉक्टरांनी लिहिली असेल तर घ्या, भांडू नका, पण गोळी घेतली म्हणून पाणी सोडू नका.

१०. शुगरची गोळी बंद करायची का?

फक्त मेटफॉर्मिनचा प्रश्न आहे, बाकीच्यांचा नाही. कॉम्बिनेशनच्या गोळ्यांत पण ती लपलेली असते, पाकिटावर बारीक अक्षर वाचा, नावाच्या शेवटी बरेचदा एम असतो. आणि गैरसमज असा की मेटफॉर्मिन आणि डाय मिळून किडनी खराब करतात. तसं नाहीये. मेटफॉर्मिन किडनीतून बाहेर पडतं, किडनी बंद पडली तर ते साठतं आणि रक्तात लॅक्टिक ॲसिड वाढू शकतं, ही भीती.

म्हणून ईजीएफआर ३० च्या वर आणि डाय शिरेतून, तर बंद करायची गरज नाही. ३० च्या खाली, किंवा किडनीला ताजी इजा, किंवा डाय किडनीच्या अलीकडच्या धमनीतून जाणार (१२ पाहा), तर स्कॅनच्या वेळी थांबवायची, ४८ तास थांबायचं, क्रिएटिनिन परत बघून चालू करायची. बरेच लोक घाबरून आठवडाभर बंद ठेवतात आणि शुगर ३५० घेऊन येतात. नका करू.

११. बीपीच्या गोळ्या आणि पेनकिलरचं काय?

पेनकिलर, म्हणजे डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, अंग दुखलं की लोक चण्यासारखे खातात त्या सगळ्या, स्कॅनच्या आधी-नंतर एक-दोन दिवस टाळलेल्या बऱ्या, विशेषतः किडनी कमजोर असेल तर. पॅरासिटॅमॉल चालतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या थांबवून फायदा होतो असं ठाम काही सिद्ध नाही, त्यामुळे स्वतःहून थांबवू नका, बीपी २०० घेऊन टेबलावर चढलात तर आमचीच धावपळ. लघवीच्या गोळ्यांबद्दल हार्टवाल्या डॉक्टरांनाच विचारा.

१२. अँजिओग्राफीचा डाय आणि सीटीचा डाय एकच ना? मग धोका वेगळा का?

बाटली तीच असू शकते, रस्ता वेगळा. सीटीत हाताच्या शिरेतून जातो, म्हणजे आधी हार्ट, फुफ्फुसं, परत हार्ट, मग सगळीकडे, किडनीपर्यंत पोचेपर्यंत रक्तात मिसळून पातळ झालेला. हार्टच्या अँजिओग्राफीत तो धमनीतून थेट हार्टजवळ सोडतात, तिथून खाली किडनीत जाताना जास्त घट्ट असतो. त्यात अँजिओप्लास्टी लांबली तर डाय वाढत जातो. म्हणून कमी ईजीएफआरवाल्याचा डाय कार्डिऑलॉजिस्ट मोजून वापरतात, पुष्कळ जण डायचे मिली ईजीएफआरच्या तिपटीच्या आत ठेवायला बघतात. ईजीएफआर ४० तर १२० मिलीच्या आत, असा ढोबळ हिशोब.

शिवाय एक गोष्ट जी डायच्या माथी मारली जाते: धमनीतून नळी फिरवताना आतल्या भिंतीवरचा कोलेस्टेरॉलचा कचरा सुटून किडनीत अडकू शकतो. अशा वेळी क्रिएटिनिन काही दिवसांनी, कधी आठवड्यांनी हळूहळू चढतं, आणि पायाची बोटं निळसर पडू शकतात. दहा दिवसांत खाली न येता वरच जात असेल तर "डायचं असेल, उतरेल" म्हणून बसू नका.

सीटी कोरोनरी अँजिओ विचारत असाल तर तो नावाला अँजिओ, डाय शिरेतूनच जातो, सीटीचेच नियम.

१३. किडनी वीक आहे म्हणून सीटीऐवजी एमआरआय करू का? त्यात डाय सेफ असतो ना?

मजा बघा, एकेकाळी डॉक्टर हेच करायचे. सीटीचा डाय नको म्हणून किडनीवाल्यांना गॅडोलिनियम द्यायचे, कधी दामदुप्पट. मग १९९७ च्या सुमारास डायलिसिसवाल्या काही लोकांची कातडी लाकडासारखी कडक व्हायला लागली, सांधे आखडले, काहींची आतली इंद्रियंही. कारण कळायला २००६ उजाडलं, तेव्हा गॅडोलिनियमशी दुवा लागला. त्या आजाराचं नाव एनएसएफ.

गॅडोलिनियम मोकळं असेल तर विषारी, म्हणून ते एका रेणूच्या पिंजऱ्यात बांधून देतात. काही जुन्या डायचे पिंजरे सैल, सरळ साखळीसारखे. किडनी वेळेत बाहेर काढेना तेव्हा ते उघडायचे. ओम्निस्कॅन, मॅग्नेव्हिस्ट हे त्यातले. डोटारेम, गॅडोव्हिस्टसारखे गोल, घट्ट पिंजऱ्याचे डाय आले आणि नवीन केसेस जवळपास थांबल्या, इतक्या की या गटाचा डाय असेल तर ईजीएफआर बघितलाच पाहिजे असंही आता नाही. त्यामुळे किडनी वीक असली तरी गरजेचा एमआरआय नेहमीच्या डोसमध्ये करता येतो. तुम्ही फक्त विचारा, "कुठला गॅडोलिनियम देणार?" टेक्निशियनला नाव माहीत असतं.

पण सीटीचं काम सीटीच करतो. कुठला स्कॅन हे किडनीवरून नाही, आजारावरून ठरतं.

१४. बाबा डायलिसिसवर आहेत. डाय दिल्यावर लगेच डायलिसिस करावं लागेल ना?

सीटीच्या डायसाठी नाही. लघवी पूर्ण बंद असेल तर किडनीत बिघडायला फारसं उरलेलं नसतं, डाय पुढच्या ठरलेल्या डायलिसिसला निघून जातो. जास्तीचं डायलिसिस लावायची गरज नाही. रोज थोडीफार लघवी होत असेल तर मात्र ती उरलेली किडनी मोलाची, तिथे विचार करूनच.

गॅडोलिनियमचं उलटं: एमआरआय शक्यतो डायलिसिसच्या दिवशीच, डायलिसिसच्या थोडं आधी ठेवतात. सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले असाल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, मंगळवारची वेळ घेऊन मग बदलायला लावू नका. आणि फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेली शीर) हाताला कुणालाही व्हेनफ्लॉन लावू देऊ नका, आम्हालाही नाही!

१५. आईने भावाला किडनी दिलीय. तिला एकच आहे, डाय चालेल?

चालेल. किडन्या किती यापेक्षा काम किती, आकडा बघायचा (५ पाहा). एक किडनी असणं हा एकट्याने धोका धरत नाहीत. ट्रान्सप्लांट झालेल्या भावाचंही तेच, पण त्याच्या गोळ्या आणि इतिहास गुंतागुंतीचा म्हणून त्याच्या नेफ्रॉलॉजिस्टना कळवल्याशिवाय आम्ही हात लावत नाही.

१६. काल डायचा सीटी झाला, उद्या अँजिओग्राफी सांगितलीय. लागोपाठ चालतं का?

किडनी चांगली असेल तर चालतं, कालचा डाय बहुतेक गेलेला असतो. ईजीएफआर ३० च्या खाली असेल आणि घाई नसेल तर मध्ये अंतर ठेवलेलं बरं. घाई असेल तर थांबत नाहीत.

एक गंमत, किडनी हळू असेल तर दुसऱ्या दिवशीच्या प्लेन (डाय न देता केलेल्या) सीटीत पित्ताशय पांढरंशुभ्र दिसतं. थोडा डाय त्या मागच्या दाराने बाहेर पडत असतो. रिपोर्टमध्ये तसं वाचून घाबरू नका, पण आदल्या दिवशी डाय झालाय हे सांगायला विसरू नका.

१७. मला सुरमई-कोळंबीची ॲलर्जी आहे, म्हणजे आयोडीनची. डायने किडनी जाईल?

तीन वेगळ्या गोष्टींची भेळ झालीये. माशांची ॲलर्जी त्यातल्या प्रोटीनची असते, आयोडीनची नाही. त्यावरून डाय नाकारत नाहीत. डायची रिॲक्शन, म्हणजे पित्त उठणं, खाज, श्वास लागणं, ही ॲलर्जीसारखी गोष्ट, किडनीशी संबंध नाही. पूर्वी डायनेच रिॲक्शन आली असेल तर मात्र ठळक अक्षरात सांगा.

१८. मुतखड्यासाठी सीटी सांगितलाय, डाय लागेल का?

बहुतेक नाही. खडा प्लेन सीटीतच पांढरा दिसतो, डाय दिला तर उलट लघवीतल्या डायमध्ये लपतो. पोटाच्या सीटीआधी लिटरभर पाणी प्यायला देतात, त्यात कधी मॅनिटॉल घातलेलं असतं, ते डाय नाही आणि किडनीला त्रास नाही, पण त्याने नंतर पातळ जुलाब होतात. झाले तर तेवढं पाणी भरून काढा.

१९. मी स्तनपान देते. दूध किती दिवस बंद?

एक दिवस पण नाही. दुधात डायचा एक टक्क्याहून कमी भाग उतरतो आणि त्यातलाही जेमतेम एक टक्का बाळाच्या पोटातून रक्तात जातो. गॅडोलिनियमचंही असंच नगण्य.

२०. डाय लवकर निघून जावा म्हणून नारळपाणी, गोखरूचा काढा, जवाचं पाणी काय घेऊ?

किडनी चांगली असेल तर नारळपाणी खुशाल, फायदा पाण्याचाच. किडनी कमजोर असेल तर नको, त्यात पोटॅशियम भरपूर आणि ते हार्टला धोक्याचं. काढ्यांबद्दल माझं मत, ज्या आठवड्यात किडनीवर एक काम टाकलंय त्याच आठवड्यात न मोजलेलं दुसरं कशाला टाकायचं. डाय तुमच्या मदतीशिवाय जातो (२ पाहा).

२१. स्कॅननंतर परत क्रिएटिनिन कधी करू? आणि लक्ष कशावर ठेवू?

ईजीएफआर चांगला असेल तर करायचीच गरज नाही. ३० च्या खाली किंवा काठावर असेल तर ४८ ते ७२ तासांनी. त्याच संध्याकाळी करून "नॉर्मल आलं" म्हणून निश्चिंत होऊ नका, चढायला वेळ लागतो. लघवी खूप कमी झाली, अंगावर सूज, दम, सारखी मळमळ असं काही वाटलं तर तारखेची वाट न बघता दाखवा.

त्या २४ तासांत लघवीची तपासणी मात्र देऊ नका. डायमुळे लघवी खोटी जड दिसते, काही पद्धतींत खोटं प्रोटीन पण येतं. मग त्या प्रोटीनसाठी आणखी तपासण्या.

२२. इमर्जन्सीत क्रिएटिनिनचा रिपोर्ट यायच्या आधीच डाय दिला. हा हलगर्जीपणा ना?

नाही. पॅरालिसिसचा झटका, मोठा ॲक्सिडेंट, फुफ्फुसात गुठळीचा संशय, महाधमनी फाटल्याची शंका, यात रिपोर्टला लागणारा तासभर माणसाला परवडत नाही. मेंदूच्या पेशी थांबत नाहीत. रक्त काढून ठेवतात, स्कॅन करतात, आकडा नंतर बघतात. हेच बरोबर आहे.

२३. रिस्क नकोच, प्लेनच करा. चालेल ना?

काही आजारांना चालतं: खडा, फुफ्फुसाचं बरंचसं, डोक्याला मार लागल्यावरचा पहिला सीटी. पण लिव्हरमधली गाठ, कॅन्सरची पसरण, आतड्याचा रक्तपुरवठा, यात प्लेन म्हणजे दिवे घालवून खोली बघण्यासारखं. एक काका हट्टाने प्लेन करून गेले, रिपोर्टच्या शेवटी ओळ आली की कॉन्ट्रास्ट (म्हणजे डाय) देऊन परत करावा. परत आले, परत पैसे, परत रेडिएशन, आणि तोच डाय. ईजीएफआर त्यांचा ७१ होता.

२४. फॉर्मवर "किडनी निकामी होऊ शकते" लिहिलंय आणि सही मागतात. सही करू का?

तो फॉर्म सगळ्यांना एकच असतो, ईजीएफआर ९० वाल्यालाही आणि २० वाल्यालाही, म्हणून भयंकर वाटतो. सही करायच्या आधी दोन गोष्टी विचारा, "माझा ईजीएफआर किती धरलाय?" आणि "डाय न देता हे कळणार नाही का?" दोन्हीची उत्तरं मिळाली की ठरवा. आणि येताना गोळ्यांची पाकिटं किंवा त्यांचा फोटो आणा. "एक पांढरी छोटी आणि एक गुलाबी" यावरून आम्हाला मेटफॉर्मिन ओळखता येत नाही.